दोन टक्क्यांवरची खीर

निकाल पुरता लागायच्या आधी तुम्ही कधी खीर केली आहे का? आमच्या बाबांनी केली होती. परवा निवडणुकीसाठी छापून आलेल्या प्रचारपत्रकांचा गठ्ठा सोडला, ताज्या शाईचा वास आला, आणि मी इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या आमच्या त्या स्वयंपाकघरात पोचले.

२००८ सालच्या हिवाळ्यातली सकाळ होती. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचे पहिले आकडे रेडिओवर येत होते. आईने आमच्या गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहावं म्हणून बाबा कधीचे मागे लागले होते. "आपल्याला कोण मत देणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी कंटाळून ती म्हणाली होती, "तो काळा उमेदवार जिंकला तर बघू."

तो पुढे आहे हे ऐकताच बाबांनी बुद्धपौर्णिमेला करतो तशी खीर चढवली.

आई हसली. "अहो, दोनच टक्के मतं मोजलीत. दूध तरी तापू द्या."

दूध तापेपर्यंत तो मागे पडला. बाबांनी गुपचूप गॅस बंद केला. आईने तो पुन्हा लावला.

"तांदूळ कच्चे आहेत अजून," ती म्हणाली. "आणि तो मागे पडला म्हणून मी का थांबू? मी उभी राहते."

तेव्हा मला आनंद झाला तो शाळेआधी खीर मिळाल्याचा. आज कळतं, उभं राहायला कुणाच्या विजयाची परवानगी लागत नाही, हे आईने त्या सकाळी ठरवून टाकलं.

तुमच्याही घरात कुणी म्हणत असेल, आपल्याला कोण मत देणार. आज तिच्याशेजारी बसा आणि तिच्या पहिल्या पत्रकाची घडी तुम्ही घाला.