तोंडी हक्काचा रकाना

अंजना ओव्हाळ आमच्या शेजारी राहायला आली ती १९८३च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेत श्रूजबरीला रूट नाइनच्या मागे आमची अपार्टमेंट्स होती. माझा नवरा शैलेंद्र जवळच्याच एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि आमची विनीता तेव्हा सहा वर्षांची. अंजनाच्या सामानात भांडी कमी आणि खोकी जास्त. एका खोक्यावर मार्करनं लिहिलं होतं : ‘गाव. पाणी लागू देऊ नये.’

मला वाटलं, तिचं नगर जिल्ह्यातलं गाव. पण ते गाव जावा बेटावरचं होतं, इंडोनेशियातलं. समुद्रापासून तासाभरावर, सपाट, चहूकडे भातखाचरं, मधून कालवा. त्या गावात ती चौदा महिने राहून आली होती. जमीन कुणाची, घर कुणाचं, नारळ कुणाचे, आणि हे सगळं एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं, यावर तिची पीएच.डी. चालली होती.

“जमिनीचं वेड कुठून लागलं तुला?” मी विचारलं होतं.

“आजोबांमुळे. वतनाचा तुकडा होता आमचा. कसत तेच होते, पण कागदात नाव भलत्याचं. तेवढ्यावर गेला. बाबा मग दौंडला रेल्वेत गँगमन झाले. आमच्याकडे जमीन म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोमागची भिंत, तीही रेल्वेची.”

हे ती हसत सांगायची. मराठी मंडळाच्या जेवणात, पॉटलकमध्ये, कुणी “ओव्हाळ म्हणजे नक्की कुठले?” असं घोळून घोळून विचारलं की मात्र हसायची नाही. “बौद्ध,” म्हणायची, आणि वाढून घ्यायला पुढे व्हायची.

विनीताचा आणि तिचा फार जीव जडला. जावातल्या बाईच्या गोष्टी ती विनीताला सांगे. त्या बाईचं नाव सारिनेम. साठीची विधवा, मुलगी लग्न होऊन गेलेली. अंजना तिच्याच घरी राहायची आणि तिला ‘म्बोक’ म्हणायची, म्हणजे आई. सारिनेमचं आठेक गुंठे भातखाचर होतं. अकरा वर्षं तिनं एका म्हाताऱ्या मावशीचं हगणंमुतणं काढलं होतं. मावशीनं जाण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, खाचर सारिनेमचं. संपलं. त्या गावात एवढं पुरत असे. गावच्या दप्तरात मात्र अजून मावशीच्या मेलेल्या नवऱ्याचंच नाव होतं.

अंजनानं घरोघर फिरून गावाचा नकाशा काढला होता आणि सोबत एक तक्ता केला होता. त्यात तिचा लाडका रकाना होता, ‘तोंडी’. कागदावर नाही पण गाव मानतं, अशी प्रत्येक जमीन त्या रकान्यात. माणसांचा शब्द हाही हक्कच असतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तिला डिग्री मिळाली. त्या तक्त्याचं विशेष कौतुक झालं, आणि एका प्रकाशनानं पुस्तक करू या म्हणून पत्रही पाठवलं. मी श्रीखंड केलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत तिला गावातल्या शाळामास्तरांचं पत्र आलं. पाक हार्जो त्यांचं नाव. दुपारी ती आमच्याकडे आली, कोट न घालताच, बाहेर बर्फ असताना. माझ्या किचन टेबलाशी बसून तिनं ते पत्र मला मराठीत सांगितलं.

कालव्याचं काम निघालं म्हणून सरकारनं जमिनींचे पक्के दाखले द्यायला घेतले. गावचा प्रमुख, तिकडे त्याला लुराह म्हणतात, त्याचा जावई मावशीच्या नवऱ्याचा पुतण्या. त्यानं सारिनेमच्या खाचरावर दावा सांगितला. सारिनेम म्हणाली, गावाला विचारा. तेव्हा लुराहनं अंजनाचा तक्ता पुढे केला. अमेरिकेहून आलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, हिच्याकडे कागद नाही. खाचर गेलं. सारिनेम आता त्याच खाचरात दुसऱ्याची मजूर म्हणून कापणीला जाते.

“पण तक्ता त्याच्याकडे कसा गेला?” मी विचारलं.

“त्यानं घेतला,” अंजना म्हणाली.

मी त्यावर विश्वास ठेवला. शैलेंद्र रात्री जेवताना म्हणाला, “थीसिसमध्ये तर नावं बदललेली असतात ना? मग त्याला कळलं कसं?”

उत्तर मिळालं मार्चमध्ये, तळघरातल्या लाँड्रीत. शनिवारची सकाळ. आम्ही दोघी ड्रायरमधले कपडे काढत होतो. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती एकदम म्हणाली, “प्रतिमा, त्यानं घेतला नव्हता. मी दिला.”

मी चादर धरून उभी.

“परतीचं तिकीट तीन दिवसांवर होतं. निघायला लुराहचा शिक्का लागायचा. तो म्हणाला, एवढं काम केलंत, गावासाठी एक कॉपी ठेवून जा. खऱ्या नावांची. मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, देऊ नका. मला कळत होतं गं! वतनाच्या घरात वाढलेली मुलगी मी, मला कळणार नाही? पण शिक्का नसता तर फ्लाइट कॅन्सल, स्कॉलरशिप संपलेली. मग मी दुपारभर बसून कॉपी केली. सुवाच्य अक्षरात. म्बोकच्याच ओट्यावर बसून. ती मला चहा आणून देत होती.”

“चूक झाली तुझी,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“झाली नाही. केली.” आणि तिनं चादरीची घडी पुरी केली.

त्यानंतर तिनं जे करता येईल ते करायला सुरुवात केली. आधी तिच्या प्रोफेसरांना फोन. ते म्हणाले, तक्रार केलीस तर पुढच्या विद्यार्थ्यांना परमिट मिळायचं नाही, विचार कर. तिनं विचार केला आणि जिल्हा कचेरीला प्रतिज्ञापत्र लिहिलं : हा रकाना हक्क नाही असं सांगण्यासाठी नाही, हक्क आहे असं सांगण्यासाठी आहे. मावशीच्या त्या जेवणाला हजर असलेल्या नऊ माणसांची नावं तिच्या वहीत होती. तीही तिनं जोडली. बँकेत नोटरीकडे मीच तिला ड्राइव्ह करून नेलं.

पार्किंग लॉटमध्ये ती गाडीतून उतरेचना.

“काय झालं?”

“ही नऊ नावं. पुन्हा तेच करतेय मी. त्यांना न विचारता.”

आम्ही परत आलो. तिनं मास्तरांना लिहिलं, प्रत्येकाला विचारा. जायला यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत ती आमच्याकडे फारशी आली नाही. विनीता दार वाजवून यायची आणि सांगायची, “अंजना मावशी इज होम, बट शी सेज शी इज नॉट.”

जुलैत उत्तर आलं. सात जण हो म्हणाले, दोघं नको. सात नावांचं प्रतिज्ञापत्र गेलं.

निकाल यायला पुढचं वर्ष उजाडलं. खाचराचा दाखला झालेला होता, तो काही बदलला नाही. पण जावयानं घराच्या परसावरही दावा लावला होता, फणस, केळी, सहा नारळ आणि विहीर यांच्यासकट. तो मात्र फेटाळला गेला. सारिनेमचं घर आणि परसू राहिलं.

“बघ, काहीतरी वाचलं की,” मी म्हटलं.

“मी नसते गेले तर सगळंच वाचलेलं असतं,” ती म्हणाली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती दोन आठवडे तिकडे जाऊन आली. परतल्यावर मी तिला जेवायला बोलावलं. आमटी-भात खाऊन झाल्यावर तिनं सांगितलं.

सारिनेमनं तिला घरात घेतलं, पाणी दिलं, नेहमीच्या जागी चटई टाकली. रागाचा एक शब्द नाही. अंजना तिसऱ्या दिवशी म्हणाली, म्बोक, मला काही सांगायचंय. म्हातारी फणसाच्या बिया सोलत होती. म्हणाली, “मला माहीत आहे. तू लिहीत होतीस तेव्हाच माहीत होतं. मला वाचता येत नाही, पण लुराहचा माणूस संध्याकाळी तो कागद घेऊन गेला, ते दिसलं. तू बसमध्ये चढलीस तेव्हा वाटलं, आता सांगेल. मग वाटलं, पत्रात सांगेल. पाच वर्षं झाली.”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“मी रडले. ती उठून आत गेली. रडणं बघायला थांबली नाही. बरोबरच होतं तिचं.” मग म्हणाली, “दुसऱ्या दिवशी मला कापणीला घेऊन गेली. त्याच खाचरात. मी मागे पडत होते, तर म्हणाली, कमरेतून वाक.”

पुस्तक नको, असं तिनं प्रकाशनाला कळवलं. त्यामुळे विद्यापीठातल्या मोठ्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत. ती वूस्टरच्या एका छोट्या कॉलेजातच शिकवत राहिली. दर सप्टेंबरला नव्या मुलांना पहिल्याच तासाला ती हा प्रसंग सांगते, स्वतःचं नाव घेऊन. एकदा मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. तिनं कुठलाही शब्द मऊ केला नाही.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात मास्तरांचं शेवटचं पत्र आलं. सारिनेम गेली. जाण्याआधी शेजाऱ्यांना जेवण घालून परसू मुलीचं असं सांगावं, असं सगळ्यांनी सुचवलं. तिनं नकार दिला. आजारी असताना मोटरसायकलवर मागे बसून ती तालुक्याच्या कचेरीत गेली, अंगठा दिला, कागद करून आणला. मुलीला म्हणाली, बोलण्यावर राहू नकोस.

अंजनानं पत्र माझ्या हातात दिलं, जणू मला ती भाषा वाचता येणार होती.

“त्या गावात शब्द पुरतो, असं मी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “दोनशे ऐंशी पानं.”

मी चहा टाकला. तिनं तो घेतला, पत्र परत मागून घेतलं, आणि अकराचा क्लास होता म्हणून किल्ल्या उचलून गेली.