न चाललेला पास

माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला, पोलिसांनी धरलं त्या दिवशी त्याच्या टेम्पोत झेंडूची फुलं होती आणि सीटखाली काळ्या फडक्यात बांधलेले पांढरे खडे. पुणतांब्याहून शिर्डीला फुलं पोचवणं हा त्याचा रोजचा धंदा. मेथ नावाचं नशेचं द्रव्य अशाच खड्यांच्या रूपात या रस्त्याने जातं, अशी पोलिसांना खबर होती. जागेवरच्या चाचणीने संशय फिटला नाही. खडे प्रयोगशाळेत गेले, दत्ता तुरुंगात. वजन एवढं भरलं की अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन फार अवघड, असं वकीलबाईंनी सांगितलं.

"दादा, आईच्यान, ते माझं न्हाई," दत्ता गजाआडून म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात," वकीलबाई मला बाहेर म्हणाल्या. "मग ते कुणाचं, एवढं सांगा. नाहीतर अहवाल येईपर्यंत बसा, आणि तो कधी येईल ते विचारू नका."

मी आयुष्यभर बेलापुरात ग्रंथालय सांभाळलं. देवाबद्दल इतकं वाचलं की त्याच्याशी बोलायची गरजच पडली नाही. पण त्या आठवड्यात माझा भावावरचाही विश्वास हलू लागला होता, आणि ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा जड जात होतं. आईला रक्तदाब, म्हणून टेम्पोच्या कागदांची भानगड आहे असं सांगितलं होतं. तिने एकच धोशा लावला: "शिर्डीला जा, बाबांच्या पायावर डोकं ठेवून ये."

एका ओळखीच्या पुढाऱ्याने दर्शनाचा खास पास दिला. देतानाचा त्याचा चेहरा असा, की बाबा त्याच्याच वॉर्डात राहतात. मोबाईल लॉकरमध्ये ठेवून मी ऐटीत खास दारावर गेलो. रखवालदाराने पास उलटासुलटा केला.

"काका, हा कालचा हाय."

"सही तर बघा कुणाची आहे."

"सही लई भारी हाय. तारीख कालची हाय. त्या तिकडच्या लायनीत व्हा."

त्या तिकडच्या रांगेत माझ्या पुढे बीडकडची एक आजी होती. पुढाऱ्याला मनातल्या मनात काय काय म्हणत मी तिच्यामागे सरकत होतो. तपासणीला तिची पिशवी उघडली, तर भाकरीच्या शिदोरीखालून एक गाठोडं निघालं. काळं फडकं. आत पांढरे खडे.

"आजी, हे काय?" तपासणीवालीने विचारलं.

"तुरटी गं बाई. दिष्टीची. लेकाच्या जीपमधी ठिवायची हाय, बाबांच्या दारात नेऊन मग." मग आवाज खाली आणून, "त्याला म्हाईत न्हाई. सांगितलं की गुण जातो."

मी रांगेतून उलटा निघालो. लोक ओरडले, "अहो काका, दर्शन पुढं हाय!" मी लॉकरकडे धावलो आणि आईला फोन लावला.

"आई, दत्ताच्या टेम्पोत तू काही ठेवलंस?"

"सांगितलं की गुण जातो रे."

"आई, दत्ता तुरुंगात आहे! आणखी कोणता गुण जायचा राहिलाय?"

तेव्हा रडत रडत सगळं निघालं. नवा टेम्पो, फुलांचा वाढता धंदा, शेजाऱ्यांचे डोळे. तिने तुरटीचा मोठा खडा फोडून अर्धा सीटखाली ठेवला होता, अर्धा आमच्याच दाराच्या चौकटीला टांगला होता. मी रोज त्याखालून ये-जा करत होतो.

"त्या टांगलेल्या तुरटीला कुणीही हात लावू नका," सगळं ऐकून वकीलबाई म्हणाल्या. कोर्टाला कळवून रीतसर पंचनामा करून घेतला, आईचं शपथपत्र जोडलं आणि अहवाल लवकर मागवण्याचा अर्ज केला. अहवालात तुरटीच निघाली. दत्ताला सोडताना एक हवालदार म्हणाला, "तुमच्या आईला म्हणावं, पुढच्या वेळी लिंबू-मिरची बांधा. ती तरी आमाला वळखू येते."

मी काही सिद्ध करत नाही. तुरटी आजीच्या पिशवीत होती, आजी माझ्या पुढे होती, असं घडतं. पण तो पास त्या दिवशीचा असता, तर मी दिमाखात आत जाऊन हात जोडून परत आलो असतो, आणि दत्ता अजून आतच असता, माझ्या मनात तर कायमचा. ज्या दारातून मला परत पाठवलं, तिथूनच मला माझा भाऊ परत मिळाला. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, डोळे मिटून करायचं असतं अशी माझी समजूत होती. ते बहुधा सांगितलेल्या रांगेत उभं राहण्याइतकंच असतं.

दर्शन राहिलं होतं, म्हणून आम्ही तिघे गेलो. पुढाऱ्याने पुन्हा पास पुढे केला, मी आभार मानून तो त्यालाच ठेवायला सांगितला. रांग लांबलचक होती. दत्ता आईला चिडवत होता, "आई, पिशवीत काय न्हाई ना?" आणि आई पिशवी छातीशी धरून म्हणत होती, "तू पुढं बघ."

तिने काय आणलं होतं, ते मी विचारलं नाही.