दाजींचं मिग

माझ्या विमानांना कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला मी केलेला एकमेव कायदा. बाकीचे सगळे बायकोचे. प्लॅस्टिकचे शंभर-सव्वाशे बारके तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, तेव्हा कुठं महिन्या-दीड महिन्यानं वीतभर विमान उभं राहतं. त्याचा गमही साधा नसतो, प्लॅस्टिक वितळवूनच जोडतो. ओल्या गमावर बोट टेकलं की ठसा उमटलाच, मग तो घासूनच काढावा लागतो. एकदा बायकोनं धूळ पुसायला म्हणून नुकता चिकटवलेला पंख उचलला. मी इतका ओरडलो की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

"त्यात माणूस तर बसत न्हाय," बायको म्हणाली, "मग एवढा जीव कशाला?"

मी घासायचा कागद घेऊन पंखावरचा तिच्या बोटाचा ठसा काढत बसलो.

माझे दाजी, म्हणजे अक्काचे मालक, मोहोळला राहतात. तरुणपणी ते हवाई दलात मेकॅनिक होते. मिगच्या चाकांचं काम त्यांच्याकडे. विमानात बसून ते कधी उडाले नाहीत, पण विमान खाली उतरलं की पहिला हात त्यांचा. यंदा उन्हाळ्यात त्यांचा काचबिंदू वाढला. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यानंही कमी दिसायला लागलं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "पावणं, आमचं मिग करा की एक. दिसतंय तवर बघून घेतो."

दाजींनी उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी मिगच्या सुट्या भागांचा डबा मागवला.

सोलापूरच्या उन्हात रंग ब्रशावरच वाळतो, म्हणून पहाटे उठून रंगवायचो. तीन आठवड्यांत करडं-हिरवं विमान तयार. राहिले फक्त स्टिकर. ते पाण्यात भिजवून हळूच जागेवर सरकवायचे असतात. नेमकं नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते, आणि पिण्याच्या पाण्याला हात लावला असता तर बायकोनं मला उभा सोलला असता. मी मुकाट्यानं बोअरचं घेतलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांना पांढरे थर चढतात, हे मला माहीत नव्हतं होय? सगळा जन्म इथं गेला. पण घाई नडली. सकाळी बघतो तर विमानभर क्षारांचे पांढरे डाग. पुसायला गेलो तर नाकावरचा आकडाच निघून हातात आला.

अक्काला फोन केला. ती म्हणाली, "आरं, हाय तसं घिऊन ये. त्येंला काय डाग दिसत्यात व्हय?"

मी ऐकलं नाही. असलं डागाळलेलं विमान दाजींच्या हातात द्यायचं? जमणार नाही. नवे स्टिकर मागवले, सगळा रंग काढला, पुन्हा दिला. त्यात महिना गेला.

मग एके दिवशी बुटाच्या खोक्यात टॉवेल अंथरून विमान मोहोळला नेलं. दाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, दारातल्या उजेडाकडे वळले, पार डोळ्याशी नेलं. बराच वेळ बघून म्हणाले, "रंग झकास दिलाय."

विमान त्यांनी उलटं धरलं होतं. पोट वर.

अक्का माझ्याकडे बघून चहा ठेवायला गेली. मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. महिन्याआधी त्यांना दिसलं असतं. डागासकट दिसलं असतं.

दाजींची बोटं मात्र थांबली नव्हती. नाकाडावरून पंखाकडे, पंखावरून पोटाकडे गेली आणि चाकांपाशी, चाकं झाकणाऱ्या बारक्या दारांवर अडली.

"पावणं, चाकांच्या दारांची अदलाबदल झालीया. डावं उजवीकडं बसलंय की."

"डब्यातल्या सूचनांच्या कागदात तर..." मी सवयीनं वाद घालायला निघालो.

"कागद ऱ्हाऊ द्या. गम आणलाय न्हवं?"

वाटेत काही निखळलं तर म्हणून गम आणि घासायचा कागद मी पिशवीत घेतलेच होते. मी देईपर्यंत दाजींनी नखानं दोन्ही दारं उपटली सुद्धा. माझा हात आडवा घालायला पुढं गेला होता. मी तो मागं घेतला. त्यांनी गम लावला, जरा जास्तच, आणि नुसत्या चाचपणीनं दारं बसवली. एकदाही चुकले नाहीत. मग अंगठा पोटावर दाबून धरला, गम धरेपर्यंत.

"आता उतरू द्या," ते म्हणाले. "भ्या न्हाय."

चहा पिऊन होईपर्यंत विमान त्यांच्या मांडीवरच होतं. निघताना मी पाहिलं, पोटावर अंगठ्याचा अख्खा ठसा उमटला होता, रेघ न् रेघ. घासायचा कागद माझ्या पिशवीतच होता. मी पिशवी उचलली आणि दाजींच्या पाया पडलो.