वीस पावलं मागे

"टाइम नाही गा आता," असं म्हणत आमच्या कॉलनीतले काका हात वर करायचे आणि न थांबता निघून जायचे. रिटायर होऊन बारा वर्षं झालेला माणूस सकाळी सहा वाजता टाइम नाही म्हणतो, याचं आम्हाला भारी हसू यायचं.

या कॉलनीत, आमच्या भाषेत लेआउटमध्ये, एक मैदान आहे आणि त्या मैदानावर आमचा वॉकिंग ग्रुप आहे. मी त्याचा सेक्रेटरी. असा ग्रुप तुमच्याकडेही असेलच. दोन चकरा मारायच्या, तिसरीला कोणाचा तरी गुडघा दुखतो, मग सगळ्यांनी मिळून तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे वळायचं. ठेला मैदानाच्या चकरेपेक्षा लांब आहे, पण तिथवर जाताना आजवर कोणाचा गुडघा दुखलेला नाही.

काकांची चाल ही आमची रोजची करमणूक. पुढे काकू, ताठ मानेने, झपझप. त्यांच्यामागे वीस पावलांवर काका. पायात चामड्याच्या चपला, ढगळ पायजमा, हातात कापडी पिशवी. दहा पावलं चालायचे, चार पावलं पळायचे, की पुन्हा चालायचे. नवरा पुढे आणि बायको पिशवी घेऊन मागे, ही आमच्याकडची रीत. इथे सगळा कारभार उलटा. "काका, काकूनं टाकून देल्लं काय तुम्हाले?" कोणीतरी विचारायचं. काका हसायचे आणि पुन्हा चार पावलं पळायचे.

खरी गोष्ट आम्हाला कळली तेव्हा उशीर झाला होता, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो. काकूंची आठवण जात चालली होती. दार उघडं दिसलं की त्या चालत सुटायच्या, कुठे ते त्यांनाही ठाऊक नसायचं. हात धरला तर परका माणूस समजून किंचाळायच्या. म्हणून काका त्या दमेपर्यंत मागे राहायचे आणि दमल्या की गोड बोलून घरी आणायचे. पिशवीत काकूंच्या चपला असायच्या, कारण त्या पुष्कळदा अनवाणीच निघायच्या. हे कोणाला कळू नये म्हणून काकांनी व्यायामाचं सोंग घेतलं होतं, आणि आम्ही शहाणे त्यावर विनोद करत होतो.

एकदा बाजारात एका रसवंतीवाल्याने त्यांना अडवलं. "काहून गा, केव्हाचा त्या बाईच्या मागं मागं चालून राहिला?" काका म्हणाले, "बायको होय माह्यी." त्याने काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी नाही ओळखत याले." हा किस्सा काकांनी स्वतःच आम्हाला रंगवून सांगितला होता. घरी भांडण झालं म्हणून ती मुद्दाम तसं बोलली, असं शेवटी जोडून दिलं. आम्ही इतके हसलो की एकाच्या नाकात तर्री गेली.

संक्रांतीच्या आठवड्यात लेआउटचं स्नेहसंमेलन असतं. त्या वर्षी मी ज्येष्ठांसाठी चालण्याची शर्यत ठेवली. मैदानाला तीन चकरा, नियम एकच, पळायचं नाही. "माह्यं नाव नको लिहू गा, मले नाही जमत," काका म्हणाले. मला वाटलं, लाजतात. मी नाव लिहिलं, वर माइकवरून पुकारलं. चारचौघांत नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी काकूंना पहिल्या रांगेत माझ्या बायकोशेजारी बसवलं. "पोरी, हिच्याकडे ध्यान ठेवजो. उठू नको देऊ," असं तिला दोनदा सांगितलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

पहिल्याच चकरेत काका सगळ्यांच्या पुढे. सराव कोणाचा होता, तर त्यांचाच. पण दर थोड्या वेळाने ते मान वळवून खुर्चीकडे बघत होते. दुसऱ्या चकरेत, अर्ध्या वाटेवर, चुन्याची रेघ सोडून ते एकाएकी मैदानातून आडवे पळत सुटले. "काका, फाऊल!" मी माइकवर ओरडलो. लोक हसून हसून बेजार. पायजमा सावरत ते गेटबाहेर पडले तेव्हा मी वर म्हणालो, "काकांना पोह्यांचा वास आला वाटतं." ते वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

मग आम्हाला रिकामी खुर्ची दिसली. हळदीकुंकू लावायला बोलावलं म्हणून बायको दोनच मिनिटं उठली होती.

मी पिशवी उघडली. बाईच्या चपला, पाण्याची बाटली, काकूंचं नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीने सगळा उलगडा केला. मी पडलो सेक्रेटरी. संमेलनात काढलेला काकूंचा फोटो लगेच मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला, 'हरवल्या आहेत, काही आठवत नाही' असं लिहिलं, खाली माझा नंबर दिला आणि मोटरसायकल काढली.

तासाभराने उमरेड रोडच्या डिव्हायडरवर ते दोघं बसलेले दिसले. काकूंच्या पायातून रक्त येत होतं आणि काका त्यावर रुमाल बांधत होते. मी चपला पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि पहिल्यांदाच थांबून माझ्याशी बोलले.

"पोराले नको सांगजो गा. पुण्याले आहे तो, चांगला आहे. पण त्याले माहीत झालं तं तो आम्हाले घेऊन जाईन अन् दाराले कुलूप लावीन. हिले चालल्याबिगर नाही जमत."

खिशात माझा फोन वाजत होता. फोटो हातोहात पुढे गेला होता. फोन पुण्याहूनच होता.

आठवड्याच्या आत मुलगा गाडी घेऊन आला. आईचे पाय बघून तो ढसाढसा रडला, त्याला दोष कसा देऊ? दोघांना घेऊन गेला. आता ते घर बंद असतं. आमचा ग्रुप अजून चालतो, पण कोणाच्या चालीवर कोणी बोलत नाही.

गेल्या महिन्यात धीर करून मी काकांना फोन केला. माफी मागायची होती, वाक्यं जुळवून ठेवली होती. काका म्हणाले, फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, सून जीव लावते. काकू कशा आहेत, असं मी विचारलं.

"पंधरा दिवस दार ठोकलं तिनं," ते म्हणाले. "आता नाही ठोकत. सोफ्यावर बसूनच राहते. दोन वर्षं देवाले म्हणत होतो, हिले एका जागी बसव म्हणून. बसवलं त्यानं."

काकांनी फोन बाजूला ठेवला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. तो माझ्यासाठी नव्हता.

"ऊठ नं वं. चार पावलं तरी चाल."