बटन दाबून नाही कसं म्हणायचं?

कूलरच्या जाळीत वर्षभर धूळ साचते, कुणाचं लक्ष नसतं. मार्चमध्ये पाणी टाकून बटन दाबलं की सगळा वास एकदम घरभर. धंद्यातल्या किश्शांचं तसंच आहे. घडत असतात तेव्हा रडू येत असतं. नंतर कुणी सहज विचारतं, "काय मग, कसं चाललंय तुमचं गोल्फ?" की एकातून एक निघत राहतात आणि माझा चहा गार होतो.

तर आमचं गोल्फ. अमरावतीत, एका जुन्या जिनिंगच्या गोदामात. कापसाच्या गाठी येणं बंद झालं तसं मालकानं गोदाम भाड्यानं काढलं. कल्पना माझ्या दिराची. खरी काठी, खरा चेंडू, समोर भिंतभर पडदा. तुम्ही चेंडू पडद्यावर मारायचा आणि तो पुढे पडद्यातल्या मैदानावर उडत जातो. पुण्यात फार चालतं म्हणे. दीर सहा महिन्यांत परत पुण्याला गेला. मशीन राहिलं, आणि कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून बसलेली मी राहिले.

मी आणि इरफानभाई. हे सोफा-पडद्यांचे कारागीर. गोल्फचे दोन्ही पडदे त्यांनीच ताणून बसवले आणि "इतना अच्छा बना है ताई, छोडके कैसे जाऊं," म्हणून भागीदार झाले. दिवसा त्यांचं दुकान, पाचनंतर ते इथे. मशीन त्यांचं, काउंटर माझं.

अडचण काउंटरचीच होती. सगळं बुकिंग माझ्या फोनवर. सकाळी दहापासून मी तिथे, आणि चार वाजल्यापासून नऊपर्यंत तर फोन कानाला. घरी सई, पावणेदोन वर्षांची, माझ्या सासूबाईंजवळ. नवरा अकोल्याला नोकरीला, रेल्वेनं रोज अपडाऊन, तोही उशिराच येणार. सई सातला जेवते आणि साडेआठला झोपते. मी पोचायचे तेव्हा तिच्या तोंडाला लागलेला भातसुद्धा वाळलेला असायचा.

बुकिंगसाठी सॉफ्टवेअर घेऊ, असं मी म्हणाले तेव्हा इरफानभाईंना धंदा वाढेल, हिशोब नीट राहील असं काय काय सांगितलं. खरं कारण एकच होतं. मला सातला घरी असायचं होतं.

* * *

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं म्हणून घेतलं. ते सलूनसाठी केलेलं आहे हे मला नंतर कळलं. मी एम.ए. आहे, हे इथे सांगून ठेवते.

आमचे पहिले नियमित गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त प्राचार्य इंगोले सर. डोक्यावर एक केस नाही. त्यांना आदल्या दिवशी मेसेज गेला : "उद्या पाच वाजता आपला हेअरकट. स्टायलिस्ट : इरफान."

सर वेळेवर आले. टोपी काढली, काउंटरसमोरच्या खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "करा."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. इरफानभाईंनी मात्र शांतपणे चेंडू पुसायचा नॅपकिन झटकला, सरांच्या गळ्याभोवती बांधला आणि विचारलं, "सर, बीचमें से निकालूं या साइड से?"

दोन दिवस खपून मी सगळीकडचं हेअरकट काढून गोल्फ घातलं. तरी खाली एक ओळ राहिलीच : "कृपया केस धुऊन यावे."

सर दर वेळी आले की सांगायचे, "धुऊन आलो हो मॅडम."

* * *

दुसरं परदेशी होतं, खास गोल्फसाठीच. त्याची माहिती द्यायला एक बाई व्हिडिओवर आली. तिनं इंग्रजीत विचारलं, बुकिंग करून न येणाऱ्यांचं प्रमाण किती? मी अभिमानानं म्हटलं, आमच्याकडे असं कोणी करत नाही. तिला वाटलं मी फेकते आहे. पण ते खरंच होतं. आमच्याकडे माणूस येणार नसला तर तसं सांगायला येतो.

दर्यापूरचे वानखडे भाऊ घ्या. शनिवारी सहाचं त्यांचं बुकिंग. नवीन सॉफ्टवेअरमध्ये रद्द करायला लाल बटन होतं, मी त्यांना फोनवर समजावूनही दिलं होतं. शनिवारी दुपारी भाऊ एसटीनं हजर. बसले, पाणी प्यायले, घरच्यांची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आले.

"मॅडम, आज माह्याच्यानं येणं होत नाई. साडूच्या घरी कार्यक्रम हाय."

मी म्हटलं, अहो, मग बटन दाबायचं होतं ना, एवढ्या लांबून आलात.

भाऊंना माझी कीव आली असावी. "बटन दाबून नाई म्हणनं बरं दिसते का? तुमी तिथी बसून वाट पाहून राहिल्या, अन् आमी इथून बटन दाबतो."

मग ते म्हणाले, आता आलोच आहे तर दोन चेंडू मारून जातो. तासभर खेळले. त्या वेळेला ज्यांचं खरं बुकिंग होतं ते बाजूला बसून त्यांना टाळ्या देत होते. सॉफ्टवेअरमध्ये त्या तासाला काय लिहायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

* * *

त्या परदेशी सॉफ्टवेअरची आणखी एक खुबी होती. खेळायच्या आधी ते आपोआप आठवण करून द्यायचं. मला वाटलं, चला, फोन वाचले.

जयाताईंच्या भिशीच्या बायकांनी एका मंगळवारी दोन्ही पडदे राखून ठेवले होते. आठवण गेली. बायका आल्या नाहीत. एकही नाही. मी घाबरून फोन केला, कुणाचं काही बरंवाईट तर नाही?

जयाताई घरीच होत्या. आवाज थंड.

"बाई, तुमी बोलावलंच कुठी आमाले? मशीननं बोलावलं. मशीनच्या बोलावन्यानं आमी लग्नाले नाई जात, खेळाले येऊ का?"

मी माफी मागितली. पुढच्या मंगळवारचं निमंत्रण मी स्वतः दिलं, घरी जाऊन. आणि त्या दिवसापासून माझा नेम झाला. सॉफ्टवेअर मेसेज पाठवायच्या आधी मी प्रत्येकाला फोन करायचे : तुम्हाला एक मेसेज येईल, तो आमचाच आहे, राग मानू नका.

फोन वाचायला घेतलेल्या सॉफ्टवेअरनं माझे फोन दुप्पट केले. त्या महिन्यात मी रोज साडेनऊला घरी पोचले.

* * *

हिवरखेडहून एका तरुणानं बुकिंग केलं. खेळाडू : एक. आले नऊजण. बाकीचे आठ "पाहाले" आले होते. त्यांत एक मोठे काका होते, धोतर स्वच्छ, हातात पिशवी. पुतण्या खेळत होता आणि काका पडद्याकडे टक लावून बसले होते. पडद्यावर स्कॉटलंडचं मैदान. नजर जाईल तिथपर्यंत हिरवंगार.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "हे रान कोनाचं हाय?"

मी म्हटलं, एका क्लबचं.

"पेरलं काय हाय?"

काही नाही, नुसतं गवत, खेळायला.

"ढोरं?"

ढोरंही नाहीत.

इरफानभाईंनी चहा दिला, तो त्यांच्या हातातच राहिला. "पानी कुठून देतात?" मी सांगितलं, तिथे बाराही महिने पाऊस पडतो. त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग पुतण्याला हाक मारली, "हान बाप्पा, पन हळू हान. ढेकळं उडून राहिले तिथी."

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरनं आपल्या सवयीनं विचारलं असणार, अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे. फोन पुतण्याचा, पण उत्तर द्यायला काकांनी मला उलट फोन लावला. शेतावर उभे असावेत, वारा ऐकू येत होता.

"मॅडम, ते तारे-गिरे आमाले नाई समजत. जमीन चांगली हाय. तेवढं लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

* * *

हा किस्सा लहान आहे आणि हसायचा आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

रविवारी सकाळी मी घरी असते. एका रविवारी मी ओट्यापाशी उभी होते, तर सई माझी पर्स जमिनीवरून ओढत घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "टाटा."

रडली नाही, रुसली नाही. पाहुण्याला चप्पल आणून द्यावी तसं. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी मी परदेशी सॉफ्टवेअर बंद केलं.

* * *

तिसरं अकोल्याच्या एका बाईंनी केलेलं होतं, नवऱ्याच्या बॅडमिंटन कोर्टासाठी. मी यादी घेऊनच गेले होते, कारण माझ्या इंजिनीअर नवऱ्यानं सांगितलं होतं की गरजा आधी लिहून काढाव्यात. इरफानभाईंची गरज होती शुक्रवारी दुपारी बंद. माझ्या चौदा होत्या, त्यातल्या अर्ध्या मलाही समजत नव्हत्या.

बाईंनी यादी बाजूला ठेवली. "संध्याकाळी काउंटरवर कोन असते?"

मी.

"मंग तुमाले कितीले घरी जायचं असते?"

माहिती द्यायला आलेल्या इतक्या लोकांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सात म्हणाले आणि लगेच साडेसात चालेल म्हणाले, उगाच.

त्यांचं सॉफ्टवेअर साधं होतं. मोबाइलवरून मेसेज करायचा, दिवस, वेळ, नाव. जागा असेल तर ते हो म्हणतं, पैसे भरले की काउंटरच्या स्क्रीनवर तो तास लाल होतो. आठवण वऱ्हाडीत, बाईंच्या स्वतःच्या आवाजात : "या बरं का, वाट पाहून राहिलो." जयाताईंची भिशी पहिल्याच हाकेला आली.

* * *

आता मी सातला घरी जाऊ लागले असेन असं तुम्हाला वाटेल. इरफानभाईंनाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी साडेसहाला ते म्हणाले, निघा. मी म्हटलं, पहिलाच दिवस आहे, सॉफ्टवेअरनं काही घोळ केला तर? दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं, तर मला वाटलं, इतकं नीट कसं? तिसऱ्या दिवशी लाइट जाईल असं वाटत होतं. एकदा तर मी निघाले, राजकमल चौकापर्यंत गेले आणि परत आले. स्क्रीनवर जे दिसत होतं ते तसंच होतं. मी त्याच्याकडे पाहत बसले, तापात निजलेल्या लेकराकडे पाहावं तशी.

दोन आठवडे इरफानभाईंनी हे पाहिलं. मग एकदा चेंडू गोळा करता करता म्हणाले, "ताई, मशीन आपल्यासाठी घेतली का आपण मशीनसाठी? तुमी तर तिची सोबत करून राहिल्या."

मी हसले. आणि नऊपर्यंत बसले.

* * *

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी स्क्रीनवर सात ते आठचा तास लाल झाला. पडदा नंबर दोन. पैसे भरलेले. नावाच्या जागी नुसतं "आजी". खेळाडू : एक मोठं, एक लहान.

मला बरं वाटलं, आज्या यायला लागल्या. लहान मुलांची काठी शोधून ठेवली. इरफानभाईंना म्हटलं, लहान लेकरू आहे, मैदान सोपं लावा.

सातला पाच मिनिटं असताना दारात ऑटो थांबला. सासूबाई उतरल्या. कडेवर सई, दुसऱ्या हातात डबा. त्या गोदामात कधी आल्या नव्हत्या. चपला बाहेर काढल्या.

मी काउंटरमागून धावत गेले. काय झालं, ताप आहे का, पडली का, मी एका दमात विचारलं. त्या सरळ इरफानभाईंकडे गेल्या आणि मोबाइलवरचा बुकिंगचा मेसेज पुढे केला. इरफानभाईंनी इतर कुणाचा पाहावा तसा नीट वाचला, मान हलवली आणि दोन नंबरसमोरची जाळी बाजूला धरली.

सासूबाईंनी सईला हिरव्या मॅटवर बसवलं, डबा उघडला, खिचडीवर तूप होतं. मग माझ्याकडे वळल्या.

"मनीषा, तुयं गिऱ्हाईक हाय. उभी कावून? घाल तिले जेवू."

मी खाली बसले. सईनं आधी खिचडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या भिंतभर हिरव्या रानाकडे. तोंड उघडलं. इरफानभाई एक नंबरच्या गिऱ्हाइकांना जरा हळू मारा म्हणून सांगायला गेले. सासूबाई खुर्चीत बसून माझ्या काउंटरकडे पाहत होत्या, फोन वाजला तरी कुणी उचलला नाही.

डबा अर्धा झाला असेल, सासूबाईंच्या मोबाइलवर त्या अकोल्याच्या बाईंचा आवाज आला : दहा मिनिटं राहिली बरं का.

सासूबाईंनी कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, काहीतरी लिहिलं, पैसेही भरले.

काउंटरवरच्या स्क्रीनवर आठ ते नऊ लाल झालं.