फुलाच्या पानांवरचे ठिपके

केशरक्काचा मत्सर मी जवळून बघितला आहे. तिच्या आणि तिची धाकटी जाऊ फुला हिच्या अंगणांच्या मधोमध माझं घर आहे. रामनगरपासून आत, जंगलाला लागून आमची वाडी. त्या दोघींच्या सासऱ्यानं एकच शेत मधे बांध घालून दोन मुलांना दिलं, आणि तेव्हापासून केशरक्काची मान बांधापलीकडेच वळलेली. फुलाची म्हैस जास्त दूध देते, फुलाच्या विहिरीला जास्त पाणी लागलं, फुलाला सासू ‘बाय माझी’ म्हणते. गवे उतरले तेही केशरक्काच्याच बाजूनं. खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला जरा बरंच वाटलं होतं. आदल्या वर्षी गव्यांनी माझं शेत तुडवलं होतं.

भात निघालं की त्याच जमिनीत आम्ही उन्हाळी भुईमूग करतो. गेल्या उन्हाळ्यात केशरक्काच्या पिकावर टिक्का पडला. पानांवर काळपट ठिपके येतात, पान पिवळं होऊन गळतं आणि शेंगा पोचट राहतात. फुलाचं शेत मात्र हिरवंगार. केशरक्काला जेवण जाईना.

“एकाच सासऱ्याची जमीन, एकाच मडक्यातलं बी,” ती मला म्हणाली, “मग माझ्याच पानांस्नी काय धाड भरली, पारू?”

बाजाराच्या दिवशी फुला रामनगरला गेली. केशरक्कानं ठिपक्यांची पानं बुट्टीभर खुडली आणि बांध ओलांडून फुलाच्या सऱ्यांत पसरून आली. गोठ्याच्या आडून मी सगळं बघितलं, पण कुणाला बोलले नाही. फुलाचं शेत मलाही खुपत होतंच.

पंधरा-वीस दिवसांत फुलाच्या पानांवर ठिपके दिसले. त्या दिवशी केशरक्का दोन भाकऱ्या जास्त जेवली.

पुढच्याच आठवड्यात कृषी कॉलेजातली अश्विनी नावाची मुलगी आली. दोन्ही शेतांतली रोगट पानं खुडून ती कागदी पाकिटांत भरू लागली, वर मालकिणीचं नाव लिहून. टिक्का बुरशीमुळे होतो, ती सांगत होती, पण सगळीकडची बुरशी एकसारखी नसते. माणसांची घराणी असतात तशी तिचीही असतात. एकावर औषध लागू पडतं, दुसऱ्यावर पडत नाही. प्रयोगशाळेत तपासलं की घराणं ओळखता येतं.

“म्हंजे ह्या शेतातनं त्या शेतात गेलेलीबी कळतीया व्हय?” केशरक्कानं विचारलं.

“कळते की.”

केशरक्काचा चेहरा उतरला. त्यानंतरचे कित्येक महिने ती फुलाशी गोड बोलत होती. भीती कसली ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे बियाण्याच्या शेंगा यंत्रात घालत नाहीत, दाणा दुखावतो. वाडीतल्या सगळ्या बायका पाळीपाळीनं एकेकीच्या ओट्यावर बसून त्या हातानं फोडतात. असली गोष्ट बाहेर पडली तर केशरक्काच्या ओट्यावर कोण फिरकणार?

डिसेंबरात आम्ही फुलाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा अश्विनी कागद घेऊन आली.

“केशरक्का, तुमच्या शेतातली बुरशी नेहमीचीच आहे, या भागात सगळीकडे सापडते. फुलाताईंची मात्र वेगळी निघाली. आम्हाला ती आजवर कुठेच मिळाली नव्हती.” येत्या उन्हाळ्यातही ती फुलाचीच पानं नेणार होती. तिनं फुलाचा फोटो काढला. सासू आतून बाहेर आली आणि कौतुकानं सुनेच्या शेजारी उभी राहिली.

केशरक्का सुटली होती. मुकाट्यानं चार शेंगा फोडल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. पण तिचे कान लाल झाले.

“तिची कुठली आलीया वेगळी?” ती म्हणाली. “माझाच रोग हाय त्यो. मी माझ्या हातानं बुट्टीभर पानं नेऊन टाकलीती तिच्या सऱ्यांत.”

अश्विनीनं पुन्हा कागद बघितला.

“नाही हो. फुलाताईंच्या शेतातून नेलेल्या एकाही पानावर तुमची बुरशी मिळाली नाही.”

फुलानं केशरक्काच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

“ऊठ, अक्का,” ती म्हणाली. “तुझ्या शेंगा ह्या वर्षी तूच फोड.”

केशरक्का उठून गेली. सासूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून शेंगा फोडत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्याची पाळी होती.