आधी टेस्ट, मग विचारपूस

कॅज्युअल्टीतल्या नर्सचे किस्से घरी चपला काढेपर्यंत सांगून होतात. पण काही असे असतात की ते घरातही सांगता येत नाहीत. आमच्याकडे नियमच होता, वयात आलेली बाई आली की आधी प्रेग्नन्सी टेस्ट! कशाची टेस्ट हे सांगायचं नाही. डबी हातात द्यायची, "लघवी आणा," बस्स.

*

शेगावकडची एक शिक्षिका, लग्न न झालेली. स्कूटीवरून पडून हात मोडला. एक्स-रेच्या आधी टेस्ट केली, निगेटिव्ह. कागद वाचून ती ताडकन उठली.

"सिस्टर, मोडला हात. चारित्र्य काऊन तपासलं?"



*

वडनेर भोलजीची एक बाई, पोट धरून आलेली. "माहं नसबंदीचं ऑपरेशन झालं हाय, मले कशाले टेस्ट?" म्हणत हसत होती.

टेस्ट पॉझिटिव्ह! गर्भ नळीत अडकलेला, नळी फुटायच्या बेतात. अँब्युलन्सने जिल्ह्याला पाठवली, म्हणून वाचली. महिन्याने भेटायला आली.

"सिस्टर, माहं ऑपरेशन करनाऱ्या डॉक्टरची टेस्ट करा पहिले!"

*

हा किस्सा माझा.

एक सून चक्कर येऊन पडली. पट्टीवर दोन रेघा दिसल्या आणि मी सासूसमोरच ओरडले, "पेढे आणा!"

नवरा दहा महिन्यांपासून सुरतला होता. सासूने पिशवी उचलली आणि सुनेला तिथंच सोडून निघून गेली.

सून कॉटवर उठून बसली. "तुमाले कोनं पुसलं होतं, ताई?"

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. पट्टीच खराब होती! सासू काही परत आली नाही.

त्यानंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी पद्धत बदलली. बाईला एकटीला विचारायचं, रिपोर्ट तिलाच द्यायचा.

*

हिवरा आश्रमाकडची एकोणीस वर्षांची पोरगी, लग्न न झालेली. पोटात दुखत होतं. टेस्टला स्वतः हो म्हणाली, रिपोर्ट बघून माझा हात घट्ट धरला. "बाबाले नका सांगू."

बाबा बाहेर बाकावर. भाजीचा मळा असलेला माणूस, नखांत माती. मॅडम बाहेर त्याच्याकडे गेल्या आणि आवाज सांभाळत म्हणाल्या, "अपेंडिक्सचा त्रास दिसतोय."

त्याने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उठला, जवळ आला आणि हळूच म्हणाला,

"घरी तिची आजी हाय, चुलते हायेत. त्याइले ऑपरेशन झालं म्हून सांगतो. पोटावर टाक्याची पट्टी तेवढी लावून देजा, मॅडम!"